चाळीस तुकड्यांची फी

वर्सोव्याच्या जेट्टीवर, मढच्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक कोळीण आणि तिची भाची उभ्या होत्या.

"बापाला इंजिन घ्यायला तू बिटकॉइन विकणार, ते पाठवायचीच एवढी फी? किती टक्के घेतात गं?"

"टक्के नाही, आत्या. रक्कम कितीही असू दे, व्यवहाराची नोंद किती जागा खाते त्यावर फी. मला डिझाइनचे पैसे चाळीस तुकड्यांत मिळालेत, म्हणून जागा जास्त."

"म्हणजे टेम्पोवाल्यासारखं. आत पापलेट आहे की बोंबील, विचारत नाही. क्रेट मोजतो."

"तसंच. त्यात आज गर्दी आहे. जो जास्त फी देईल त्याचं आधी जातं."

"मग रविवारी पाठव. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरच आहेत. घाई कसली?"

"इंजिनाला पैसे नाहीत म्हणून बाबांनी होडीच विकायला काढलीय. उद्या सकाळी गिऱ्हाईक बयाणा घेऊन येतंय."

"माझ्या बापाची होडी?"

"हो. तुला सांगू नको म्हणाले."

"लाव सगळ्यात मोठी फी. पलीकडे उतरलो की त्याच्याशी मी बोलते."