रसिकाच्या सरकलेल्या गाठी

नाही नाही बाई, जाळं तिनेच विणलं — माझी नात म्हणून नाही सांगत, रसिकानेच विणलं, ह्याच पडवीत बसून. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो, तिच्या कॉलेजच्या बाई तुम्ही, इथे बाकावर बसा. पागाचं जाळं म्हणतो आम्ही, गुडघाभर पाण्यात उभं राहून फेकायचं. पूर्वी घरोघरी विणायचे, आता आमच्या मिठबाव गावात सगळे बाजारचंच आणतात — आणि ही पोरगी कॉलेजातून येऊन म्हणते, आजोबा, माका शिकवा, आमका हाताचा काम शिकान ता मोबाइलवर दाखवचा आसा. मी म्हटलं, मोबाइलवर मासे गावतत काय गो? हसली. पोर्टफोलिओ — बरोबर बोललो ना? तिच्याकडूनच शिकलो. दर आठवड्याला फोटो टाकायचा, काय जमलं, काय चुकलं ते खाली लिहायचं, आणि परीक्षेऐवजी तुम्ही तेच बघणार. मला वाचून दाखवायची ती. आज माझ्या गाठी सरकल्या. आज जाळ्याची घरं लहानमोठी झाली. मी ऐकायचो, बरं वाटायचं.

तर फोटोत तसं दिसत नाही, हे तुमचं म्हणणं. लिहिलंय गाठी सरकल्या, आणि फोटोत एकही सरकलेली नाही. म्हणून तुम्हाला वाटतं, जाळं विकतचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं, आणि चुका आपल्या लिहायच्या म्हणून लिहिल्या. नाही हो. चुका होत्या. मी बघितल्या ना — पहिली ओळ तर सगळीच उसवायला लागली मला —

मला म्हणजे... हो. मीच उसवली. आता काय लपवायचं. आमच्यात चुकलेलं जाळं खुंटीला टांगत नाहीत. घरात जो मोठा असेल तो दिवस मावळायच्या आत नीट करतो — माझ्या बापाने माझं केलं, मी माझ्या मुलाचं केलं, त्यात विचारायचं काय? ती सकाळच्या एसटीने गेली की दुपारी मी बसायचो. सरकलेली गाठ दिसली की सोडायची, परत घालायची. फोटो ती रविवारी काढायची. मला वाटलं, लिहायचं ते लिहू दे, फोटोत तरी पोरीचं काम चांगलं दिसावं. तुम्हाला चुकाच डोळ्यांनी बघायच्या आहेत, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? चुकलेलं कुणी जपून ठेवतं का, बाई?

तिला कळलं होतं. एकदा गाठींवरून बोट फिरवत राहिली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढची ओळ विणायला बसली. मग तुम्ही कॉलेजात विचारलंत, कुणी हात लावला का — तर नाही म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली हो ती, आजोबांना वाईट वाटेल म्हणून —

हे तुम्ही लिहून घेताय? नका घेऊ. मी तिच्या भल्यासाठी सांगत होतो. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं, असंच होणार ना आता? नापास करणार तिला? मग हे शेवटचं वीतभर जाळं बघा, ह्याला मी शिवलोसुद्धा नाही. ओढा, जोरात ओढा. सरकते एक तरी? शिकली ती, बाई. शिकली. पण कशी शिकली ते दाखवायला मी काही ठेवलंच नाही —

कोण? रसिका? कधी इलंस गो? काय नाय, असेच बोलत होतो बाईंवांगडा... बाईंका काय सांगतंस? कोणाक आठवत नाय? माका?

...

हो, बाई. ती सांगते ते खरं. हल्ली माझ्या ध्यानात काही राहत नाही, भलतंच बोलत सुटतो. जाळ्याला मी हात नाही लावला. नुसता बघत बसायचो. ते लिहिलेलं खोडा, आणि निघा तुम्ही आता — एसटी येईल.