आपल्यात नाव घेत नाहीत

नाशिक रोडच्या एका दवाखान्यात मी गुडघे दाखवायला बसले होते. समोर निफाडकडचं म्हातारं जोडपं आणि त्यांची लेक उज्वला. म्हातारीला नुकतंच आत डॉक्टरांकडून तपासून आणलं होतं आणि बापलेकीची जुंपली होती. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात. ज्यांना कान नाहीत त्यांनी खुशाल ऐकू नये.

"अल्झायमर म्हणाले, अण्णा. विसरायचा आजार."

"असं काय विचारलं तिला?"

"नवऱ्याचं नाव. आई नुसती हसली."

"मंग हसंलच. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेती का?"

"मीपण तेच सांगितलं. ते म्हणाले, मग कधीपासून आठवत नाही ते कोण सांगणार?"

"हे आजार शहरातल्या बायांचे. आपल्या माणसांत नाय असलं काही."

"शहरातल्या बाया नवऱ्याला नावानं हाक मारतात. एकदा अडखळल्या की घरात कळतं. आईचं आपल्याला कळणार कसं होतं?"

"शाळेत घातली तर लय शहाणी झाली. थांब, उखाण्यात घेती ती. कौतिक, ए कौतिक, घे गं नाव. हळदीकुंकवाला घ्यायचीस तसं."

"नको."

"या वयात कसली लाजती? घे."

म्हातारीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती लेकीच्या कानाशी वाकली.

"पोरी, आधी या बाबाला उठव इथून. परक्या गड्यापुढं मालकाचं नाव कसं घेऊ?"