हरकत असेल तर आताच बोला

...नाही, पण मी म्हणतो, विचारायचंच कशाला? मुलगा ठरला, मुलगी ठरली, दोन्हीकडची माणसं चहा पिऊन मोकळी झाली, सांगलीच्या व्याह्यांनी बँडवाल्याला सांगून टाकलं, आणि मग आमचे पाळकसाहेब पांढरा झगा घालून उभे राहणार, चष्मा नाकावर चढवणार आणि अख्ख्या जगाला विचारणार, 'या दोघांच्या विवाहास कोणाची काही हरकत असेल, तर त्याने ती आताच सांगावी!' अहो, का? कुणी तक्रार घेऊन आलं होतं का तुमच्याकडे? सगळं सुरळीत चाललंय, तर हरकत शोधायची कशाला?

आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाला आमची पद्धत सांगायला हवी. मी इथल्या दवाखान्यात कंपाउंडर. आणि आमच्या चर्चची मंडळी अँग्लिकन, म्हणजे सगळं पुस्तकाप्रमाणे. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, गुडघे कधी टेकायचे, 'आमेन' कुठं म्हणायचं, सगळं प्रार्थनेच्या पुस्तकात छापलेलं. त्याच पुस्तकात आहे की, लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नवरानवरीची नावं पुकारायची आणि तिन्ही वेळा हरकत विचारायची. बरं, माझ्या आजोबांपासून आम्ही हे ऐकतोय, आणि हरकत कुणी घेतली? कुणी नाही! चपला घातलेल्या पाहुण्याला आपण दारात म्हणतो ना, 'जेवून जा की', तसलं ते विचारणं. पाळकसाहेब विचारायचे, सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायचे, लगेच पेटी वाजायची आणि गीत सुरू. कुणाला काही त्रास नव्हता.

पण त्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. देवाच्या दयेनं आमच्या गावात माणसं वाचली, पण चर्चच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत असा तडा गेला की त्यातून शेजारचं आभाळ दिसायला लागलं! ओव्हरसियर आले, वर बघितलं, दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, 'दुरुस्ती होईपर्यंत आत बसू नका.' झालं! पुढच्या रविवारी बाकं उचलून बाहेर चिंचेखाली. आणि तुम्हाला सांगतो, आमची माणसं अशी की आत ज्या रांगेत ज्याचं बाक, बाहेरही त्याच रांगेत! आमचं डाव्या हाताचं तिसरं. आत होतं तेव्हा खिडकीशेजारी, गार. बाहेर आलं ते नेमकं उन्हात. सरकवलं का? छे! आजोबांचं तिसरं बाक आहे, ते तिसरंच राहणार, मग नातवाच्या टाळूवर पोळी भाजली तरी चालेल. आणि गुडघे टेकायचे ते चिंचोक्यांवर! पापांची कबुली आमच्या मंडळीनं इतक्या कळवळून त्याआधी कधी दिली नसेल.

हेही चाललं असतं हो. पण चर्चच्या आवाराला कमरेएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडं काय? रविवारचा बाजार! इकडून पाळकसाहेब, 'हे प्रभू, आमच्यावर दया कर,' तिकडून, 'ताजी वांगी, ताजी!' इकडं आम्ही म्हणतोय, 'आणि आम्हांला परीक्षेत आणू नको,' आणि तिकडं कोण ओरडतंय, 'बगून घ्या, हाताळून घ्या, मागनं तकरार चालनार न्हाई!' भिंतीला लागूनच भामाबाई बसायची, अंडी-कोंबड्यावाली. आवाज असा की कोंबडीनं अंडं घालावं ते भीतीनंच. पण बाई मोठ्या मनाची. आमची प्रार्थना सुरू झाली की कोंबड्यांना दटावायची, 'गप बसा गं, देवाचं चाललंय!' महिन्याभरात तिला आमची चार गीतं पाठ. आमच्या पेटीवाल्याचा सूर चुकला की भिंतीपलीकडून पुढची ओळ यायची. शेजार असा जमला होता. मग आमच्या थोरलीचं, करुणाचं लग्न ठरलं.

जावई दानीएल, सांगलीचा, मिलिट्रीत. सुट्टीवर आलेला. मार्च लागला की परत आघाडीवर हजर. आणि आमच्यात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस उपवासाचे, त्यात लग्न लागत नाही. मी बोटं मोजून बघितलं, बुधवारच्या आधी रविवार उरतात नेमके तीन. एकही हुकला की पोरगा बिनलग्नाचा माघारी, आणि पुढची सुट्टी वर्षानं! एवढ्याशा फटीतून लेकीचं लग्न काढायचं होतं मला, आणि हे विचारतात हरकत! विचारायचंच कशाला?

पहिला रविवार. पाळकसाहेबांनी नावं पुकारली. आमच्या करुणाचं नाव ऐकून आमच्या हिनं पदर डोळ्यांना लावला, आणि पाळकसाहेब खणखणीत आवाजात म्हणाले, 'कोणाची काही हरकत असेल, तर आताच सांगावी.' आम्ही अंगठ्यांकडे बघतोय... पेटीवाल्यानं भाता ओढला... आणि भिंतीपलीकडून आवाज आला,

'हाय! माजी हरकत हाय!'

बघतो तर भामाबाई उभी! काखेत कोंबडी! अहो, आमच्या साऱ्या मंडळीनं एका झटक्यात मान वळवली. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक मिटलं. 'बाई, तुम्ही... तुम्ही आमच्या मंडळीतल्या नाही.' ती म्हणाली, 'आवं, इचारलंसा म्हून सांगतीया! इचारताना म्हनला का, की भितीच्या आतल्यांनीच सांगा?' गावच्या पंचायतीत कुणी उभं राहून विचारलं की उत्तर द्यायचं, एवढं तिला ठाऊक. फुकटच विचारतात, हे तिला कुठलं माहीत असायला?

'हरकत काय आहे?' पाळकसाहेब म्हणाले. भामाबाईनं कोंबडी या काखेतून त्या काखेत घेतली. 'पोरगा मिलट्रीचा. लगीन करून ह्यो जानार बर्फात, आन् पोर ऱ्हानार कुटं? माज्या नातवाला टायफाड झाला तवा ह्या पोरीनं रोज येऊन त्याच्या डोक्यावर घड्या ठेवल्यात. तिला परक्या घरात एकटी टाकनार आसशीला तर माजी हरकत हाय. लिवून घ्या!'

पाळकसाहेब आमचे नवे, नुकतेच शिकून आलेले, नियमाला पक्के. म्हणाले, 'हरकत ती हरकत. चौकशी झाल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.' त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. विचारायचंच कशाला, म्हणतो मी!

शेवटी दानीएल आणि त्याची आई सांगलीहून एसटीनं आले आणि भामाबाईच्या झोपडीत जाऊन बसले. जावयानं शब्द दिला की बिऱ्हाडाची जागा मिळेपर्यंत करुणा आईबापांपाशीच राहील. भामाबाईनं त्याला चार उकडलेली अंडी खायला लावली, तो खातो कसा ते बघितलं, आणि हरकत मागं घेतली. पाळकसाहेब म्हणाले, 'ठीक आहे, पहिला पुकारा धरला.' मी तिथंच गुडघे टेकले, चिंचोके न बघता.

दुसरा रविवार. आता बाजारात बातमी फुटलेली, की चर्चमध्ये लोकांचं मत घेतात! आपलं मत विचारणारं असं कुणी भेटतं का हो दुनियेत? भिंतीवर माणसं कोपरं टेकून उभी. भाजीवाल्या टोपल्या घेऊन जवळ सरकलेल्या. मी हळूच म्हटलं, 'पाळकसाहेब, आज जरा हळू आवाजात विचारा.' ते म्हणाले, 'कंपाउंडर, पुस्तकात लिहिलंय, मोठ्याने व स्पष्ट.' आणि विचारलं! मोठ्याने व स्पष्ट!

एक श्वास. दुसरा श्वास. मला वाटलं सुटलो... आणि बैलांचा दलाल हरिबा खाकरला. 'हरकत तशी न्हाई...' तुम्हाला सांगतो, 'तशी नाही' असं कुणी म्हटलं ना, की समजायचं, गेलं! 'तशी न्हाई, पर पोरगं बगितल्याबिगर मानूस सांगनार तरी काय? हुबा करा की त्याला!' सारा बाजार म्हणाला, 'व्हय व्हय, हुबा करा!' दानीएल बिचारा कडक इस्त्रीत उभा राहिला. 'चालून दाव,' हरिबा म्हणाला. आणि आमचा जावई, देवाच्या घरात, म्हणजे झाडाखाली, बाकांच्या मधल्या वाटेनं मार्च करत गेला, वळला, परत आला आणि भिंतीकडं तोंड करून असा सॅल्यूट ठोकला की दोन कोंबड्या उडाल्या! हरिबानं त्याला खुरापासून शिंगापर्यंत बघितलं. मला धास्ती की आता हा दात मोजायला येतोय. पण म्हणाला, 'पाय सरळ हाईत, नजर गरीब हाय. न्हाई बा हरकत!' आणि बाजारानं टाळ्या वाजवल्या. आमची करुणा पदरात तोंड घालून हसत होती. इतकी हसलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

राहिला तिसरा. शेवटचा! या रविवारी कुणी हूं की चूं केलं, तर चौकशी, आणि चौकशीत बुधवार उजाडला की कारभार आटोपला. आठवडाभर मी दवाखान्यात खोकल्याचं औषध देता देता येईल त्या माणसाला हात जोडत होतो, 'बाबा, रविवारी बोलू नकोस.' भामाबाईकडं गेलो. ती म्हणाली, 'कंपोंडर, एवडं तोंड बारीक करून का हिंडतायसा? जावा घरी. बाजार माज्यावर सोडा.'

आणि तो रविवार! पाळकसाहेबांनी नावं पुकारली, विचारलं... आणि अहो, बाजार गप्प झाला. अख्खा बाजार! तराजू थांबला, वांगीवाला थांबला, शेळीच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला. चिंचेचं पान पडलेलं ऐकू यावं, इतकं गप्प. भिंतीवर रांगेनं माणसं, आणि सगळी माझ्या लेकीसाठी तोंड मिटून उभी. माझ्या मनात आलं, कुणाचीच हरकत नाही. म्हणजे झालं. म्हणजे आज ना उद्या ही जाणार. दवाखान्यातून आलो की तांब्या घेऊन दारात उभी असते, ती नसणार... आणि तुम्हाला सांगतो, माझ्या गळ्यातून एक आवाज निघाला. मोठा. मी काढला नाही हो, निघाला!

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. 'कंपाउंडर... तुमची हरकत आहे?'

मी बोलायला जातोय, शब्द फुटेना. मान हलवायला जातोय, ती कुठल्या बाजूला हलतेय ते मलाच कळेना. करुणा माझ्याकडं बघतेय, दानीएल बघतोय, आमची ही मला चिमटे काढतेय, 'अहो, नाही म्हणा, नाही म्हणा!' आणि मी, आठवडाभर ज्यानं सगळ्या गावाला गप्प बसवलं, तो मी पोरासारखा हमसून रडतोय!

तेव्हा भिंतीपलीकडून भामाबाई गरजली, 'पाळकसायेब! आवं, ती हरकत न्हवं, ती माया हाय! तुमच्या बुकात न्हाई का? फुडं वाचा!'

पाळकसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चष्मा पुसला. मला वाटतं डोळेही पुसले. आणि त्या नियमाच्या पक्क्या माणसानं पान उलटलं. 'कोणाची हरकत नाही,' म्हणाले. पेटीवाला इतका गहिवरला की भलत्याच सणाचं गीत सुरू केलं, आणि ते बाजारानंच आधी उचललं.

मंगळवारी लग्न लागलं, बुधवारच्या एक दिवस अलीकडं, त्याच चिंचेखाली. बाजाराचा वार नव्हता, तरी अर्धा बाजार नवी लुगडी नेसून हजर. आणि लग्नाच्या विधीत परत एकदा हरकत विचारतात, हे मी विसरूनच गेलो होतो! पाळकसाहेबांनी तोंड उघडायचा अवकाश, दोनशे माणसं एका सुरात ओरडली, 'न्हाईऽऽ!' बँडवाल्याला वाटलं, त्यालाच इशारा झाला. त्यानं बँड वाजवला.

आता करुणा आघाडीच्या अलीकडच्या गावात बिऱ्हाड करून आहे, मजेत आहे, पाळण्यात नातू आहे. चर्चची भिंत बांधून झाली, आम्ही परत आत गेलो, तिसरं बाक परत खिडकीशेजारी, गार.

आणि परवाच्या रविवारी धाकटीचा पहिला पुकारा होता. पाळकसाहेबांनी विचारलं. मोठ्याने व स्पष्ट. चार भिंतींच्या आत सगळे अंगठ्यांकडं बघतायत, पेटीवाला भाता ओढतोय... आणि मला काय झालं कुणास ठाऊक! कसंतरीच वाटलं हो. विचारलं, आणि कुणाला ऐकूच गेलं नाही? माझ्या लेकीचं लग्न, आणि फक्त आम्हीच? मी उठलो. म्हटलं, 'पाळकसाहेब, एक मिनिट.' बाजाराकडची खिडकी सताड उघडली. म्हटलं, 'हां, आता विचारा.'

ते हसले. परत विचारलं. आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेरून आवाज आला,

'हाय! माजी हरकत हाय!'

आता बोला! मी म्हणतो, विचारायचंच कशाला?... पण म्हणू कुणाला? खिडकी मीच उघडली होती ना!