निघणाऱ्याला कुठं विचारू नये

जबाब
दिनांक ०८/११/२०२४

श्रीमती राजेश्वरी दिग्विजय खराडे, वय २९ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. नावाआधी सौ. लिहिलं होतं, ते हवालदारांनी खोडून श्रीमती केलं, ते मी पाहिलं.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ती हकीकत अशी, की वरील पत्त्यावर मी माझ्या सासू श्रीमती कुशाबाई मानसिंग खराडे, वय ६१, यांच्यासोबत राहते. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे हयात नाहीत. आम्हाला मूल नाही. माझे पती दिग्विजय हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. माझं माहेर बारामतीचं.

माझे पती रविवार दिनांक २० ऑक्टोबर रोजी मोटारसायकलवरून एकटेच एका धबधब्याचा फोटो काढायला गेले, ते परत आले नाहीत. पुढच्या रविवारी भोरच्या पलीकडं घाटमाथ्यावर ते मयत मिळून आले. ते बेपत्ता झाल्याची खबर मी याच ठाण्यात दिली होती. काल माझ्या सासू कोणाला न सांगता इथं येऊन बसल्या आणि पोराच्या मरणाला मी कारण हाय, माझ्यावर केस करा, असं म्हणू लागल्या. म्हणून आज हवालदार सर्जेराव यांनी मला बोलावून विचारलं, की आपली कोणाविरुद्ध तक्रार अगर कोणावर संशय आहे काय. मी म्हटलं, हे एका ओळीत सांगण्यासारखं नाही. आधी मी सांगते तसं सगळं लिहून घ्या, मग उत्तर देते.

पतींना फोटोचा नाद होता. आमच्याकडं बघावं तिकडं ऊस, उसाचे फोटो किती काढणार, असं ते म्हणायचे. पावसाळ्यात धबधब्याला जत्रा भरते आणि पाणीही गढूळ असतं. दसरा झाला की गर्दी ओसरते, पाणी नितळ होतं, आणि दिवाळीनंतर ते आटायला लागतं. त्यात कारखान्याचा बॉयलर पेटून एकदा गाळप सुरू झालं की रविवारसुद्धा हाती लागत नाही. म्हणून दरवर्षी ह्याच दिवसांत ते एकटे जायचे. जागा आधी कोणाला सांगायचे नाहीत. सांगितली की पुढच्या वर्षी तिथं गाड्या लागतात आणि वेफर्सची पाकिटं पडतात, असं त्यांचं म्हणणं. मलासुद्धा आल्यावर फोटो दाखवून सांगायचे. मी भांडखोर आहे, गावाला माहीत आहे, पण यावरून मी कधी भांडले नाही. आल्यावर कळायचंच.

आत्यांचा एक नियम होता. घरातून निघालेल्या माणसाला कुठं चाललास असं विचारायचं नाही. विचारलं की नाट लागतो. फार तर लांबवर का, एवढं म्हणायचं, आणि जाणाऱ्यानं येतो म्हणायचं. गावातल्या जुन्या बायका सगळ्याच हे पाळतात, पण आत्यांचं पाळणं वेगळं होतं. माझे सासरे गाडीला किक मारत असताना आत्यांनी त्यांना कुठं निघालासा म्हणून विचारलं होतं. ते लासुर्ण्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली सापडले. तेव्हापासून आमच्या उंबऱ्यावर तो शब्द बंद झाला. माझ्या माहेरी असलं काही नाही. तिथं पायात चप्पल जायच्या आत कुठं, कोणाबरोबर आणि परत कधी, हे तिन्ही विचारून होतं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या तोंडून गेलं एक-दोनदा. आत्या रागावल्या नाहीत. जाणाऱ्याला परत आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि मग पुन्हा जाऊ दिलं.

त्या रविवारी पती उजाडायच्या आत निघाले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, एका वेळची. गाडी फाटकाबाहेर काढल्यावर ते थांबले. हेल्मेटची काच वर केली आणि मला म्हणाले, "राजी, ह्या वेळी नवीन जागा हाय. ऐकून ठेव, मी तिकडं..." आत्या तुळशीला पाणी घालत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सांगू नगंस. निघताना सांगू नगंस. जाऊन ये." ते हसले. बरं, लांबवर चाललोय, असं म्हणाले आणि गेले.

मला राग आला होता. संध्याकाळी आत्यांशी एकदाचं बोलून घ्यायचं ठरवून मी शिलाई मशीनवर बसले. गाडी चालवत असतील म्हणून सकाळी फोन केला नाही. दुपारी लावला तेव्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझे चुलत दीर रतन या ठाण्यात आलो. पहिलाच प्रश्न आला, ते कुठं गेलेत. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानंतर साहेब लोक, कारखान्यातले लोक, माझे वडील, भाऊकी, जो कोणी दारात येईल तो तेच विचारत होता. आत्या आधी आधी कानांवर हात ठेवायच्या. नंतर ठेवेनाशा झाल्या. मोबाईलवरून एवढंच कळलं, की ते भोरपर्यंत गेले होते. भोरच्या पुढं सगळा डोंगर, आणि धबधबा तर दर कड्याला. कुठल्या कड्याला माणूस पाठवायचा, असं साहेब मला विचारत होते. नवऱ्याचा ठावठिकाणा बायकोला माहीत नाही म्हटल्यावर लोक काय समजतात, तेही मी त्या दिवसांत बघितलं. आमचं भांडण झालं होतं का, असंही विचारून झालं. नव्हतं झालं.

बुधवारी दुपारी मोटारसायकल मिळाली. डांबरी रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या वाडीत चंद्राबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगणात ती लावलेली होती. ऊन लागू नये म्हणून बाईंनी सीटवर गोणपाट टाकलं होतं. मी आणि रतन तिथं पोचलो. बाईंनी सांगितलं, की पोरगं गोड होतं, ताक प्यालं, गाडी ठेवून वर गेलं. आलं नाही तेव्हा वाटलं, दुसऱ्या बाजूनं उतरलं असंल, सवडीनं गाडी न्यायला येईल. त्या अंगणाच्या मागून तीन वाटा तीन ओढ्यांना जातात. मी विचारलं, कुठं जातो म्हणाले? बाई म्हणाल्या, "निघालेल्या माणसाला तसं कसं विचारायचं, बाय? मी लांबवर का म्हणलं. त्यो व्हय म्हणाला."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. रतननं मला धरलं. त्यांची काही चूक नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

शोधायला आलेली बचाव पथकाची मुलं जिवावर उदार होऊन फिरली, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. जवळचे दोन ओढे त्यांनी आधी धरले. कोणीही तेच केलं असतं. तिसरा लांबचा होता. रविवारी त्या तिसऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या डोहाजवळ कातळावर पती मिळाले. त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला होता. तो त्यांनी स्वतःच कॅमेऱ्याच्या स्टँडला टॉवेलनं आवळून बांधला होता. कॅमेऱ्यातले फोटो मला या ठाण्यात दाखवण्यात आले. आधीचे चांगले आलेत, पाणी खरंच नितळ होतं. नंतरचे सगळे एकाच जागेवरून, जमिनीलगत काढलेले आहेत. एकात संध्याकाळ आहे, मग सकाळ, मग पुन्हा संध्याकाळ. शेवटचा गुरुवारी सकाळचा आहे. म्हणजे बुधवारी मी चंद्राबाईंच्या अंगणात उभी राहून ओरडत होते, तेव्हा ते वर जिवंत होते.

डब्यात अर्धी दशमी शिल्लक होती, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. माझ्या पतींना भूक अजिबात सोसायची नाही. म्हणजे आपले लोक येतायत असं धरून ते पुरवून खात होते. हे लिहायचं का, असं हवालदारांनी मला विचारलं. लिहा म्हटलं.

आता तक्रारीचं. आत्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्या पोटभर जेवत नाहीत. रोज मला म्हणतात, मला बोल, शिव्या दे, न्हायतर केस कर. मी मशीनवर जाऊन बसते. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग येतो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर घ्यावा वाटत नाही. एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर माझा माणूस आज घरात असता, हे मी झोपेतसुद्धा घोकते. पण पोरगा घरी परत यावा म्हणूनच त्यांनी त्याचं तोंड धरलं. नवऱ्याला विचारलं तर नवरा गेला. पोराला सांगू दिलं नाही तर पोर गेलं. त्या बाईनं करायचं तरी काय होतं, हे मला कोणीतरी सांगावं. मी विचार करून थकले.

ह्याला कुठलं कलम लागत नाही, असं हवालदारांनी समजावून सांगितलं. तसं असेल तर लिहा, की माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही आणि कोणावर संशय नाही.

दार उघडं होतं, त्यामुळं हे आत्यांना ऐकू गेलं. त्या उठून आत आल्या. टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्याला इथंच ठेवून घेतील. येताना त्यांनी पिशवीत एक लुगडं आणलं होतं. त्यांनी मला विचारलं, "मग पोरी, मी आता कुठं जाऊ?"

मला ते माहीत नाही.

वर लिहिलेलं सगळं हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यांनीही ते शेजारी उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मी सांगितलं त्यापेक्षा त्यात कमी नाही, जास्त नाही, म्हणून सही करते.

(सही)
राजेश्वरी दिग्विजय खराडे