पाटीवरची नऊ मिनिटे

जबाब देणाऱ्याचे वय त्रेपन्न वर्षे. धंदा वृत्तपत्राचा वार्ताहर. शिक्षण संस्कृत विषयात पदवी (हे हवालदारांनी विचारले नव्हते, मी होऊन सांगितले). राहणार येथून गाडीने चार तासांच्या अंतरावर. घरात पत्नी व एक मुलगी.

आज ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून खरे तेवढे सांगतो की,

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरून एक रस्ता खाली उतरतो. त्याच्या टोकाच्या दुमजली घरावर पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे : ‘विद्यार्थिनींसाठी खोली. विद्यापीठ चालत नऊ मिनिटे. गाडीची गरज नाही.’ माझी तक्रार या पाटीविरुद्ध आहे, खोलीविरुद्ध नाही. खोली हवेशीर आहे. खिडकीला जाळी आहे, नळाला पाणी आहे, आणि टेबल डुगडुगत नाही. मी चारही कोपरे दाबून पाहिले. परंतु ‘नऊ मिनिटे’ हे विधान असत्य आहे. शिवाय ते तेलरंगात केलेले आहे, त्यामुळे बोलण्याच्या ओघात निघून गेले असे म्हणायला जागा नाही.

माझी मुलगी एकवीस वर्षांची असून तिला येथे भूगर्भशास्त्राच्या वर्गात प्रवेश मिळाला आहे. वसतिगृह भरलेले असल्याने खोली बाहेर पाहावी लागत आहे. त्यासाठी आम्ही दोघे काल दुपारी माझ्या चारचाकीने या शहरात आलो. मुक्काम माझ्या आतेबहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठापासून अकरा किलोमीटरवर केला. पाटीचे घर काल संध्याकाळीच पाहिले. घरमालकीण निवृत्त परिचारिका आहेत. राहणाऱ्या मुली त्यांना मेट्रन म्हणतात व त्या ओ देतात. दुसरी एक मुलगी खोलीसाठी थांबली आहे, तेव्हा काय ते आज दुपारी बारापर्यंत कळवा, असे त्यांनी सांगितले. मुलीला खोली तिथल्या तिथे पसंत पडली. मी म्हणालो, अंतर तपासल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

आज सकाळी मुलगी झोपेत असताना मी एकटा गाडी घेऊन निघालो व ती मेट्रनच्या घरापाशी लावली. सात वाजता त्यांच्या दारातून पायी निघून सात वाजून एकोणीस मिनिटांनी फाटकाला हात लावला. परत येऊन पुन्हा मोजले. पुन्हा एकोणीस. तिसऱ्या खेपेला वीस झाली, पण त्या वेळी पाण्याचा टँकर आडवा आला होता, तो वजा जाता एकोणीसच. मी हे अंतर माझ्या चालीने मोजले नाही, ही बाब नमूद करावी. मी उंच आहे, माझी ढांग लांब पडते, आणि तसे मोजणे घरमालकिणीच्या फायद्याचे झाले असते. राहायचे मुलीला आहे, म्हणून तिच्या चालीने मोजले. तिची चाल मला पाठ आहे.

हे पोलीस ठाणे त्याच रस्त्यावर मध्यावर आहे. पहाऱ्यावरच्या शिपायाने मला सहा वेळा जाता-येता पाहिले. सहाव्या वेळी त्याने विचारले की काका, काही हरवलंय का. मी म्हणालो, दहा मिनिटं. त्यावर त्याने मला आत आणून खुर्ची दिली.

हवालदारांनी विचारले की माझे नुकसान काय झाले. मी सांगितले की पाटी हे शब्दप्रमाण आहे, माझी चाल हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि दोहोंत विरोध आला तर प्रत्यक्ष बलवान. हवालदार म्हणाले, “साहेब, सोपं सांगा, मला लिहायचंय.” त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीस वर्षांच्या नोकरीत मिनिटे चोरीला गेल्याची तक्रार त्यांच्याकडे आली नव्हती व तिला कलम कोणते लावावे हे त्यांना ठाऊक नाही. तरीही त्यांनी मेट्रनना व माझ्या मुलीला फोन करून बोलावून घेतले.

सव्वादहाला मेट्रन आल्या. त्यांच्या पाठोपाठ माझी मुलगी आली. ती आतेबहिणीकडून दोन बस बदलून एकटीच आली होती. तिने मला पहिला प्रश्न विचारला तो नाश्ता केला का. केला नव्हता.

मेट्रननी सांगितले की नऊ मिनिटे त्यांच्या स्वतःच्या पायांची आहेत. फाटकाला लागून जे इस्पितळ आहे तेथे त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली व याच रस्त्याने रोज पायी गेल्या. नऊ म्हणजे नऊ, ड्यूटी काय माझ्यासाठी थांबणार होती, असे त्या म्हणाल्या. मी रांगत गेलो होतो का, अशीही त्यांनी चौकशी केली. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत.

तेव्हा हवालदारांनी प्रत्यक्ष चालून खात्री करण्याचे ठरवले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मेट्रनच्या दारातून आम्ही पाच जण निघालो : पुढे मुलगी, मेट्रन व घड्याळ घेतलेल्या महिला शिपाई, मागे मी व हवालदार. इस्त्रीच्या दुकानापर्यंत सगळे बरोबर होतो. त्यानंतर मुलगी मेट्रनशी बोलू लागली व अंतर पडत गेले. ती काय बोलत होती ते मला ऐकू आले नाही. दोनदा हसली. दुसऱ्या चौकात मला तिची हिरवी पिशवी तेवढी दिसत होती. मी हाक मारली नाही.

त्या तिघी दहा एकोणपन्नासला फाटकाशी पोहोचल्या. मी व हवालदार दहा एकोणसाठला पोहोचलो. तोवर महिला शिपायांचा चहा पिऊन झाला होता.

वाटेत हवालदारांनी विचारले की प्रत्येक चौकात रस्ता ओलांडताना मी डावा हात खाली सोडून, पंजा उघडा करून मागे का धरतो. मी सवय आहे म्हणून सांगितले. कसली, असे त्यांनी विचारले. हा भाग जबाबात घेऊ नये अशी मी विनंती केली. ती मान्य झाली नाही.

फाटकाशी पुन्हा विचारणा झाली की मी नेमके कोणाच्या चालीने चाललो. मी म्हणालो, मुलीच्या. हवालदारांनी फाटकाशी बसलेल्या माझ्या मुलीकडे पाहिले आणि मला विचारले, “कितवीतल्या?”

मी आठवून पाहिले. दुसरीतल्या. तिला शाळेत पायी सोडायचे काम माझ्याकडे होते, ते तिसरीत शाळेची बस सुरू होईपर्यंत. त्यानंतर आम्ही दोघे बरोबर असे फारसे चाललेलो नाही. शिकवणीला, पोहायला, परीक्षेला, स्टेशनावर मी तिला गाडीनेच सोडत आलो. तेव्हा चाल तिचीच होती, वर्ष तेवढे माझ्याकडून चुकले, हे मी मान्य करतो.

खोली नापसंत असण्याचे दुसरे काही कारण आहे का, असे विचारल्यावर मी नाही म्हणालो. त्यावर मुलगी म्हणाली की बाबा, आत्याकडचं सांगा. म्हणून सांगतो. माझ्या आतेबहिणीकडे एक खोली रिकामी आहे. तेथून विद्यापीठाला यायला दोन बस लागतात व संध्याकाळी सहानंतर बस नाही. म्हणून माझी गाडी मुलीने ठेवून घ्यावी आणि तेथे राहावे, अशी सूचना मी काल रात्री जेवताना केली होती. तिला गाडी चांगली येते, मीच शिकवली आहे. गाडी जुनी असल्याने एक रविवार आड मी येऊन तेल, पाणी व चाकांतली हवा पाहून जाणार होतो.

मेट्रननी विचारले की चार तास येणार, चार तास जाणार, हवा बघायला. मी होय म्हणालो. गाडीची एवढी काळजी घेणारा माणूस त्यांनी पाहिला नसल्याचे त्या म्हणाल्या. महिला शिपाई दुसरीकडे पाहू लागल्या.

मुलगी उठून माझ्याजवळ आली. ती म्हणाली, “बाबा, गाडी घरीच राहू दे. तुम्हाला यायचं तर या ना. माझ्याकडे या. त्याला गाडी कशाला बिघडायला हवी?”

त्या सुमारास आतल्या इमारतीत तास संपल्याची घंटा झाली व पुष्कळ मुले-मुली बाहेर आली. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांत तिच्या ओळखीचे अजून कोणीही नव्हते. ती ज्या तऱ्हेने पाहत होती, तसे मी तिला माझ्या कोणत्याही गाडीच्या खिडकीतून पाहताना पाहिलेले नाही.

अकरा चाळीसला मेट्रनच्या घरी त्यांच्या वहीत मी पालक म्हणून सही केली. साक्षीदार म्हणून हवालदारांनी केली. पाटीविरुद्धची तक्रार मी राजीखुशीने मागे घेत आहे. पाटीवर ‘वडिलांबरोबर एकोणीस’ अशी ओळ वाढवण्याची तयारी मेट्रननी दाखवली, ती मी नाकारली.

त्यानंतर मुलगी खोलीतल्या खिडकीचे माप घेत थांबली व मी जबाब पुरा करण्यासाठी एकटा ठाण्यात आलो. मागे घेतलेल्या तक्रारीचाही जबाब लागतो, असे मला सांगण्यात आले. येथूनच पत्नीला फोन करून खोली ठरल्याचे व मोजणीचेही कळवले. तुम्ही खोली बघायला गेलात की सरहद्द आखायला, असे ती म्हणाली. मग मुलगी जेवली का, तिने पांघरूण जाड घेतले आहे ना, आणि ती खूश दिसते का, हे तिने विचारले. तिन्हींची उत्तरे मी दिली. त्यानंतर ती काही बोलली नाही व मीही बोललो नाही. फोन चालू होता. थोड्या वेळाने ती बरं, ठेवते, असे म्हणाली.

आणखी काही सांगायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. मी नाही म्हणालो व उठलो. मग पुन्हा बसलो. सांगतो ते असे :

मुलीची मला काळजी नाही. ती येथे नीट राहील, हे आज दिसले. मी व माझी पत्नी एकवीस वर्षे एकमेकांशी बोलत आलो ते तिच्याविषयी. आज घरी पोहोचल्यावर खोली कशी आहे ते मी सांगेन. ते सांगून झाल्यावर पुढे काय बोलायचे, ते मला ठाऊक नाही. पत्नीलाही नसावे. मला काळजी आहे ती ह्याची.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद हळू वाचला. ठेवू का, असे विचारले. मी ठेवा म्हणालो. मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे. खाली सही करतो.