वळणावरची हाक

मनगट सुजलेल्या शिंपीणबाई एक्स-रेसाठी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी व्हीलचेअरवर सायकल शर्यतीतली एक मुलगी होती. तिची जर्सी फाटली होती आणि गुडघा बांधलेला होता. तिची आई तिला खोदून खोदून विचारत होती.

"डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग."

"चालता येईल म्हणाले."

"आणि शर्यती?"

"आता नाही गं, आई."

"मग टीमवाले?"

"माझ्या जागी दुसरी कुणी येईल. त्यांचं काही अडत नाही."

"पण पडलीस कशी?"

"वळणावर रस्ता ओला होता. चाक घसरलं."

"रस्ता कोरडा ठणठणीत होता. मी तिथेच उभी होते."

"मग वारा असेल."

"घोळक्यात तू दिसलीस आणि मला राहवलं नाही. मी हाक मारली. तू मान वळवलीस."

"आई, पुरे."

"इतकी वर्षं शर्यत बघायला बोलावत होतीस. आले नव्हते तेच बरं होतं."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्या नाहीत.

"असं नको म्हणूस. रस्त्याकडेची माणसं रोजच हाका मारतात. मी कधी वळून बघत नाही."

"मग आज कशाला बघितलंस?"

"तू खरंच आलीस का, ते बघायचं होतं."