धुक्यातली संकष्टी

ईरा आणि नील,

सुनंदाबाई इथे चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतात आणि मोहालीत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना डबे पुरवतात. आमच्या सेक्टरच्या बागेत दर रविवारी मधुमेहवाल्यांचा गट भरतो, तिथे आमची ओळख झाली. त्या बोलल्या तसं लिहून घेतलं आहे. बोली थोडी सावरली, ओघ त्यांचाच.

— आजी

मी माणदेशातली बघा, दहिवडीच्या पलीकडं आमचं गाव. वडील शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचे. गावात काय होतं म्हणाल तर आभाळ होतं. पाऊस नाही, झाड नाही, म्हणून आभाळच आभाळ. उन्हाळ्यात अंगणात निजलं की वाटायचं आपण खाली नाहीच, वरच कुठंतरी पडलोय आणि गाव खाली राहिलंय. चंद्र उगवायचा तो सरळ माळावरून, कुणाची आडकाठी नाही. आमच्याकडं पाण्यानं फसवलं, विहिरींनी फसवलं, पण चंद्रानं कधी फसवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते ताई, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

लग्न झालं फौजीशी. आमचे हे पलटणीत, वर्षातून एकदा यायचे, ट्रंक घेऊन. महेश झाला, आणि तो वर्षाचा व्हायच्या आत त्याला ताप आला, तो डोक्यात गेला, पोर आकडी येऊन निळं पडलं. हे तिकडं सरहद्दीवर. सासूबाईंनी पोराला उचललं आणि गणपतीच्या पुढ्यात नेऊन ठेवलं, म्हणाल्या, देवा, ह्याला ठेव, ह्याची आई जन्मभर तुझी संकष्टी करील, आणि चंद्र आपल्या डोळ्यानं बघितल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही. बोलल्या त्या, नवस माझा झाला. मी तिथं उभी होते, मान हलवली. कुठल्याही आईनं हलवली असती. सकाळी ताप उतरला. आता डॉक्टरनं पण सुई दिली होती, ती मी विसरले नाही, पण मनात चंद्रच राहिला.

मग ह्यांची बदली चंडीमंदिरच्या छावणीत झाली आणि आम्ही इकडं आलो. काय सांगू तुम्हाला, हे शहर मला स्वप्नासारखं वाटलं. सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल, सगळीकडं तीच झाडं. पहिल्या महिन्यात भाजी आणायला गेले की मी त्याच चौकाला तीनतीनदा फेरी मारून यायची, वाटायचं मी नाही चालत, शहरच माझ्याभोवती फिरतंय. तरी आवडलं. ह्यांची नोकरी संपली, इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यावर पहाऱ्याची नोकरी लागली, महेशची शाळा इथंच होती, मग राहिलोच. खोली मिळाली परमजीत नावाच्या बाईच्या घरावर. इकडं गच्चीवरच्या खोलीला बरसाती म्हणतात. नाव बघा किती छान, पावसाची खोली, आणि राहणार कोण, तर माणदेशातली बाई.

महेश मोठा झाला आणि तोही पलटणीतच गेला. आता वर पहाडात आहे. फोन लागला तर लागला. त्याच्या बायकोपोरांना तो अजून गावाकडंच ठेवतो.

तर साखर. मला तहान लागायची, लई तहान. वाटलं माणदेश अंगातून जात नाही. पायाला जखम झाली ती भरेना, मग दवाखान्यात गेले तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, डोळे जपा. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, बागेत गट भरतो तिथं जा. सिस्टरजी चालवतात तो, तुम्हाला माहीतच आहेत. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या, आवाज असा की बागेतले पोपट गप्प बसतात. आधी चालायचं, मग गोल बसायचं, मग प्रत्येकीनं सांगायचं आठवड्यात काय खाल्लं ते. खरं सांगायचं, कुणी कुणावर रागवायचं नाही, हसायला मात्र परवानगी. आणि प्रत्येकीला एक जोडीदारीण. संध्याकाळी तिनं फोन करायचा, गोळी घेतली का, जेवलीस का. माझ्या वाट्याला आली परमजीतच. मी म्हणलं, ही खाली राहते, हिला फोन कशाला, ही नुसती बोलली तरी मला वर ऐकू येतं.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी दर महिन्याला संकष्टी करते, दिवसभर उपास, त्या दिवशी तरी माझी साखर खालीच असणार. सिस्टरजी म्हणाल्या, अच्छा, उपासाला काय खाता? मी सांगितलं, सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, मधे खजूर, शेंगदाण्याचा लाडू. सिस्टरजींनी कपाळाला हात लावला. परमजीत म्हणाली, नी सुनंदा, ये व्रत है या किसी की शादी? सगळ्या बायका हसून हसून आडव्या. आम्ही तर करवा चौथला पाणी पण पीत नाही, असं म्हणाली. तुम्हीही हसलात ताई, मी बघितलं.

मला ते लागलं. राग नाही आला, पण लागलं. मनात म्हणलं, ह्या बायका वर्षातून एकदा करतात ते नवऱ्यासाठी, मी महिन्याला करते ते लेकासाठी, आता दाखवतेच. आणि पुढच्या संकष्टीला मी साबुदाणा नाही, बटाटा नाही, काहीच नाही, नुसतं पाणी धरलं. पण सिस्टरजींनी सांगितलं होतं गोळी कधी चुकवायची नाही, म्हणून गोळ्या मात्र वेळच्या वेळी घेतल्या. उपाशीपोटी. मला वाटलं मी देवाचं पण ऐकलं आणि सिस्टरजींचं पण ऐकलं.

दिवस जानेवारीचे. इथलं धुकं तुम्हाला काय सांगायचं. संध्याकाळचे डबे रिक्षावाल्याकडं देऊन टाकले, हे पहाऱ्यावर गेले, मी ताट वाढून झाकून ठेवलं, मोदक नाही केले, साधी भाकरी आणि मेथी, आणि शाल घेऊन गच्चीत येऊन बसले. समोरचं घर नाही, झाड नाही, रस्ता नाही, सगळं कुणीतरी ताकात घुसळल्यासारखं. गावाकडचं कॅलेंडर भिंतीवर आहे, त्यात चंद्रोदयाची वेळ असते, ती होऊन गेली. पण माझा नवस वेळेचा नव्हता, डोळ्यांचा होता. आधीच्या थंड्यांत असं झालं की मी पाणी पिऊन निजायची, दुसऱ्या दिवशी बघायची. तेव्हा गोळ्या नव्हत्या.

मग मला घाम यायला लागला. त्या थंडीत घाम, पदर ओला. हात असे थरथर. आणि गंमत बघा, मला भीती नाही वाटली, उलट लई हलकं वाटलं. धुक्यात एक पिवळा गोळा दिसला, मी म्हणलं, आला. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, अशी चंद्रांची रांग लागली, रस्त्याच्या दिव्यांची असणार ती, पण मला वाटलं इतकी वर्षं न दिसलेले सगळे चंद्र आज एकदम भेटायला आलेत. सासूबाई कठड्यावर बसलेल्या दिसल्या, पाय हलवत. मी विचारलं, ह्यातला कुठला धरू? त्या पाय हलवतच राहिल्या. वडिलांची घंटा वाजत होती, वाजत होती.

ती घंटा म्हणजे फोन होता. परमजीत रोजच्यासारखी फोन करत होती, मी उचलत नव्हते. खाली ऐकू येत होतं तिला की वर वाजतोय आणि कुणी घेत नाही. तिचे गुडघे गेलेले ताई, ती जिना चढत नाही, भाडं मागायलासुद्धा मला खाली बोलावते. ती चढून आली. एका हातात कठडा, एका हातात साखरेच्या पाण्याचा पेला, साखर एकदम उतरली की हेच द्यायचं असं गटात शिकवलेलं. मला बघितलं आणि ओरडली, मूंह खोल. मी म्हणलं, चाँद नहीं निकला. ती म्हणाली, चन्न नूं छड्ड, म्हणजे चंद्राला सोड. मी दात आवळले. काय सांगू तुम्हाला, मला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की हे पाणी आत गेलं तर पहाडात महेशला काहीतरी होईल. मी तिला म्हणलं, मेरा बेटा. तर ती म्हणाली, बेटा ही तो पूछेगा मुझसे, मेरी माँ को मरने क्यों दिया. आणि माझं नाक धरलं बाईनं. नाक धरून पाजतात ना पोराला, तसं पाजलं. थोड्या वेळानं चंद्र एकेक करून गेले आणि रस्त्याचे दिवे राहिले. मग तिनं मला भाकरी खायला लावली, समोर बसून.

जीव वाचला, पण मी रडत बसले. उपास मोडला होता. महेशला फोन लावला, लागेना. सकाळी लावला, लागेना. हे पहाऱ्यावरून आले, मी सगळं सांगितलं. हे कमी बोलतात. स्वेटर काढला, घडी घातली, आणि म्हणाले, सुनंदा, पहाऱ्यावर एकाच्या डोळ्यांनी पलटण झोपते. मी बघितलं म्हणजे सगळ्यांनी बघितलं. प्रत्येकजण आपल्या डोळ्यानं बघायला उठला तर लढाई कोण करणार? मी म्हणलं, देवाला पलटणीचे नियम लागतात का? हे म्हणाले, मला काय माहीत, माझी ओळख नाही तेवढी.

महेशचा फोन आला तो रविवारी, मी बागेत गटात बसले असताना. सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, मला काय झालंय, बर्फ पडला म्हणून लाईन बंद होती, तू का रडतेस? परमजीतनं फोन हिसकावला आणि त्याला हिंदीत सगळं सांगितलं, वर चार पंजाबी शिव्या माझ्या नावानं. शिव्या संपल्यावर त्यानं फोन मला द्यायला सांगितला. मग म्हणाला, आई, तू माझ्यासाठी जेवत नाहीस, हे मला चालतं का, असं कधी कुणी विचारलं नाही. इथून आभाळ साफ असलं की चंद्र वाटीएवढा दिसतो. मी बघीन. मी बघितला की तू जेव.

सिस्टरजींनी मला उपास सोड असं म्हणलं नाही, हे मला लई मोठं वाटलं. त्या मला घेऊन डॉक्टरकडं गेल्या, संकष्टीच्या दिवशीच्या गोळ्या डॉक्टरनं बदलून दिल्या, आणि आता दुपारी मी दही आणि राजगिऱ्याची भाकरी खाते. दुसऱ्या बायकांनाही सिस्टरजींनी गटात विचारलं, करवा चौथला कोण उपाशीपोटी गोळी घेते? तर हात वर झाले ताई, परमजीतचा पण. मग हसायची पाळी माझी होती, पण मी हसले नाही.

आता महिन्याला महेश बघतो. त्याची लाईन नसली तर गटातलं कुणीतरी, कुणाचा भाऊ शिमल्याला, कुणाची लेक अंबाल्याला, निरोप येतो, दिसला. गेल्या महिन्यात मात्र कुणालाच दिसला नाही. पहाडात बर्फ, इथं धुकं, अंबाल्यात पण धुकं. मी गच्चीत उभी राहिले, अंधाराला हात जोडले. म्हणलं, तू आहेस, मला माहीत आहे, मी आत जाते. आणि जेवले. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. घास फिरत होता तोंडात. पण जेवले पोटभर, आणि मग मला अशी झोप लागली, अशी झोप, अंगणात निजल्यावर लागायची तशी.

नातवंडांना कळवा, म्हणावं सुनंदा मावशीनं सांगितलंय, वेळेवर जेवा. आई कुठंही असली तरी तिचं पोट तुमच्या ताटाकडं लागलेलं असतं. सुखी राहा म्हणावं पोरांनो, जिथं असाल तिथं.